पहाटेची कळ आणि रक्तातला वारसा

पौषातील थंडी आमच्या आदिलाबाद जिल्ह्याला नवी नाही. पैनगंगेच्या काठची गावे घ्या, की उटनूरकडचा डोंगराळ भाग घ्या. पारा पाच-सहा अंशांवर उतरला की पहाटे चारपासून गावोगाव शेकोट्या पेटू लागतात. कापसाच्या वेचणीचे दिवस असतात. घराबाहेर पडलेला माणूस कानांना मफलर गुंडाळतो, शेकोटीपाशी उकिडवा बसतो आणि दिवसाची पहिली बिडी शिलगावतो. या चित्रात वावगे असे आपल्याला काहीच दिसत नाही. मलाही पुष्कळ वर्षे ते दिसले नव्हते. परंतु आज ज्या विकाराविषयी मी बोलणार आहे, त्याची बहुतेक सामग्री या एकाच चित्रात गोळा झालेली आहे. पहाटेची वेळ आहे, थंडी आहे आणि धूर आहे. चौथी गोष्ट तेवढी डोळ्यांना दिसत नाही. ती म्हणजे त्या माणसाला आईबापांकडून मिळालेला रक्तातला वारसा.

मी वैद्य नाही, शाळामास्तर आहे. तरीही हा विषय मी घेतला याला कारण आहे. माझे वडील पैनगंगेकाठच्या एका खेड्यात शेती करीत असत. २००३ सालच्या जानेवारीत, वयाच्या बावन्नाव्या वर्षी ते गेले. त्यापूर्वी चार-पाच दिवस रोज पहाटे त्यांना छातीच्या मधोमध कळ येत असे आणि दहा-पंधरा मिनिटांत ती ओसरत असे. दिवस उजाडल्यावर हेच गृहस्थ कापसाची गाठोडी डोक्यावरून वाहत, बैल हाकीत, आणि त्यांना काहीही होत नसे. 'वात धरला असेल' म्हणून आईने ओवा आणि हिंग दिले. शेजाऱ्यांनी सोडा पाजला. एका दुपारी हृदयाचा आलेखही काढून आणला. तो निर्दोष निघाला आणि आम्हां सर्वांना हायसे वाटले. त्यानंतर तिसऱ्या पहाटे कळ आली ती ओसरलीच नाही. त्यांच्या दुखण्याचे नेमके नाव काय, हे आता कोणालाच ठरवता येणार नाही. परंतु आज मी स्वतः पंचेचाळिशी ओलांडली आहे. धाकटा भाऊ चाळिशीत आहे. तेव्हा 'बापाला झाले ते आपल्यालाही होणारच काय?' हा प्रश्न आमच्या घरात पुस्तकी राहिलेला नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो असाच मनातल्या मनात विचारला जात असेल.

प्रथम विकार समजून घेऊ. हृदय हा शरीराला रक्त पुरवणारा पंप होय, हे आपण शाळेत शिकतो. परंतु या पंपाला स्वतःलाही रक्त लागते. ते त्याच्याच पृष्ठभागावरून जाणाऱ्या रोहिण्यांतून मिळते. या रोहिण्यांच्या आत वर्षानुवर्षे चरबीचा थर साचत जातो, वाट अरुंद होते आणि एखाद्या दिवशी त्या थरावर रक्ताची गाठ धरून वाट बंद पडते. हृदयविकाराचा झटका म्हणजे बहुधा हे. अशा रोग्याला जिना चढताना, ओझे उचलताना, म्हणजे श्रम करताना छातीत दुखते आणि विसावा घेतला की बरे वाटते.

पण १९५९ साली मायरन प्रिंझमेटल या अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याच्या अगदी उलट वागणाऱ्या रोग्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या रोग्यांना श्रम करताना काही होत नसे. दुखे ते स्वस्थ पडले असताना, तेही विशेषतः मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे. हे असे का व्हावे? पुढील काळात उत्तर मिळाले. या रोग्यांची रोहिणी बुजलेली नसते, किंवा थोडीशीच बुजलेली असते. ती मधूनमधून एकाएकी आवळली जाते. थंडीत झोपलो असता पोटरीत गोळा येतो, हा अनुभव आपणां सर्वांना आहे. त्या वेळी पोटरीचे स्नायू आपोआप आखडतात, जीव कासावीस होतो आणि थोड्या वेळाने ते आपोआप सैल पडतात. रोहिणीच्या भिंतीतही स्नायूंचे एक वेष्टण असते. ते असेच आखडले की नळी पिळल्यासारखी होते आणि पलीकडच्या हृदयाला रक्त मिळेनासे होते. पोटरीचा गोळा माणसाला रडवतो. रोहिणीचा गोळा लांबला तर हृदयाचा ठोका बिघडवतो, स्नायू मारतो, कधी माणसालाही मारतो.

माझ्या वडिलांचा आलेख दुपारी निर्दोष का आला असावा, याचा उलगडा मला पुष्कळ वर्षांनी येथे झाला. रोहिणी सैल असताना आलेख काढला तर त्यात काही दिसेलच असे नाही. चोर पहाटे येऊन गेला, आणि आपण दुपारी घर पाहून 'चोर नाही' असा निर्वाळा दिला, तसाच हा प्रकार आहे.

आता वारशाकडे वळू. रोहिणीच्या आतील अस्तर अत्यंत नाजूक असते, पण ते नुसते अस्तर नव्हे. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू कणाकणाने निर्माण करीत असते, आणि त्या वायूची आज्ञा मिळाली की भिंतीचे स्नायू सैल पडतात. या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तीन शास्त्रज्ञांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. यात एक योगायोग आहे. ज्या आल्फ्रेड नोबेलच्या नावाने हे पारितोषिक दिले जाते, त्याने नायट्रोग्लिसरीनपासून सुरुंगाची दारू, म्हणजे डायनामाइट, तयार केले होते. उतारवयात त्याला हृच्छूळ जडला तेव्हा डॉक्टरांनी त्याला औषध म्हणून तेच नायट्रोग्लिसरीन सुचवले. जिभेखाली ठेवायच्या गोळीतील हे द्रव्य शरीरात जाऊन तोच वायू निर्माण करते आणि आवळलेली रोहिणी मोकळी होते. गोळीने गुण का येतो, हे कळायला मात्र नोबेलच्या मृत्यूनंतर जवळजवळ एक शतक जावे लागले.

हा वायू तयार करण्याची कृती आपल्या जनुकांत लिहिलेली असते. जनुक म्हणजे चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेली पाककृतीच म्हणा ना. ती आईकडून एक आणि बापाकडून एक अशी आपल्याला मिळते. रोहिणी आवळण्याचा विकार जपानात पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आढळतो, म्हणून तेथील कुमामोटो विद्यापीठातील संशोधकांनी याचा कसून अभ्यास केला. १९९९ साली त्यांनी दाखवून दिले की, या वायूच्या जनुकाच्या अगदी तोंडाशी एक अक्षर बदललेले असणे, ही गोष्ट या रोग्यांत इतरांपेक्षा जास्त सापडते. अशा माणसाच्या शरीरात हा वायू कमी तयार होतो, आणि रोहिणी सैल पडण्याऐवजी आवळण्याकडे झुकते. पूर्व आशियातील पुष्कळ लोकांत मद्य पचवण्याच्या जनुकातही एक फरक असतो. दारूचा घोट घेतला की त्यांचा चेहरा लाल होतो. त्याचाही या विकाराशी संबंध आढळला आहे.

रक्तातला वारसा कसा असतो, याचे एक उदाहरण आपल्या राज्यातलेच आहे. हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील डॉ. कुमारसामी तंगराज आणि त्यांच्या देशोदेशींच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एक शोध प्रसिद्ध केला. हृदयाच्या स्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकात पंचवीस अक्षरे गळालेली असतात, आणि ही त्रुटी भारतीय उपखंडातील शंभरांतील सुमारे चार माणसांत आढळते. हा विकार रोहिणीचा नसून हृदयाच्या स्नायूचा आहे, हे ध्यानात ठेवावे. दोहोंची गल्लत करू नये. मी हे उदाहरण दिले ते एवढ्यासाठी की, ही त्रुटी बाळगणारे सर्वच लोक काही आजारी पडत नाहीत. कित्येकांना तिचा पत्ताही लागत नाही. जनुक हा शेतात पडलेल्या बियाण्यासारखा आहे. बी आहे म्हणून पीक येतेच असे नाही. पाऊस, खत आणि राखण यांवर पुढचे अवलंबून असते.

मग आपल्या हृदयाच्या बाबतीत हे खतपाणी कोण घालते? येथे मी आपल्याला शेजारच्या विदर्भात नेतो. बावन्न देशांतील लोकांची पाहणी करून २००४ साली जगातील एक फार मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील दक्षिण आशियाई लोकांची माहिती वेगळी काढून नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ साली एक निबंध लिहिला. त्यात दिसले ते असे: भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळ या देशांतील लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, तर इतर देशांतील लोकांना तो अठ्ठावन्न-एकोणसाठाव्या वर्षी. आमची पाच-सहा वर्षे कोणी चोरली? 'आमचे रक्तच तसे' असे आपण चटकन म्हणून जातो. परंतु त्या अभ्यासाचे उत्तर निराळे आहे. तंबाखू, रक्तातील बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरील ताण, फळे-भाज्यांची वाण, व्यायामाचा अभाव आणि मद्य अशा नऊ गोष्टींचा हिशेब मांडला, तेव्हा वयातील हा फरक बहुतांशी त्यांनीच भरून निघाला. हे दोष आमच्यात तरुण वयातच शिरतात, म्हणून झटकाही लवकर येतो.

श्रोतेहो, आजच्या भाषणातील मुख्य गोष्ट हीच आहे. बापाकडून मुलाला दोन वारसे मिळतात. एक रक्ताचा आणि दुसरा घराच्या वळणाचा. बापाची बिडी, बापाच्या ताटातील पापड-लोणचे, बापाचे 'मला काय धाड भरली आहे' हे बोलणे, हे सारे मुलगा न शिकवता शिकतो. पुढे दोघांनाही एकच रोग झाला की आपण दोष रक्ताला देतो. रक्ताचा वारसा नाकारता येत नाही. वळणाचा नाकारता येतो.

आणि तो नाकारल्याने रक्ताचा जोरही पुष्कळ कमी होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिका आणि स्वीडन येथील पंचावन्न हजारांहून अधिक लोकांची जनुके आणि राहणी ताडून पाहण्यात आली. ज्यांच्या जनुकांत हृदयरोगाचा धोका सर्वांत जास्त होता, त्यांच्यातही धूम्रपान न करणे, वजन आटोक्यात ठेवणे, नियमित व्यायाम आणि चांगला आहार या चार गोष्टींपैकी निदान तीन पाळणाऱ्यांना, त्या न पाळणाऱ्यांपेक्षा सुमारे सेहेचाळीस टक्के कमी धोका आढळला. ही पाहणी बहुतांशी पाश्चात्त्य लोकांची आणि रोहिणी बुजण्याच्या रोगाची होती, हे खरे. पण तिचा बोध आपल्याही कामाचा आहे.

रोहिणी आवळण्याच्या विकारात तर या सर्वांत तंबाखूचा अपराध सर्वांत मोठा आहे. मघाशी ज्या वायूचा उल्लेख केला, त्याचा पुरवठा बदललेल्या जनुकामुळे कमी होतो, आणि नेमका तोच पुरवठा तंबाखूचा धूरही कमी करतो. रक्त आणि बिडी यांची गाठ अशी एकाच ठिकाणी पडते. आमच्या जंगलात तेंदूची पाने खुडली जातात, त्यांवर पुष्कळ गरिबांची चूल पेटते, हे मला ठाऊक आहे. मी त्या कष्टांना नावे ठेवीत नाही. पण 'बिडी देशी, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य' ही समजूत खोटी आहे. बिडी विझू नये म्हणून झुरके अधिक आणि खोल घ्यावे लागतात. खैनी आणि गुटखा यांनाही सूट नाही. शेजारी बसलेल्या बायकोच्या आणि मुलांच्या रोहिण्यांनाही तो धूर सोडत नाही. उलट बाजूने पाहिले तर सोडण्याचे फळही लवकर मिळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, धूम्रपान सोडल्यावर एका वर्षात हृदयरोगाचा वाढीव धोका निम्म्याने उतरतो.

दुसरी गोष्ट थंडीची. ज्यांना हा विकार आहे किंवा त्याची शंका आहे, त्यांनी पहाटे एकाएकी गार हवेत जाऊ नये. उठल्यावर अंगावर उबदार कपडे घालावेत, स्नानाला ऊन पाणी घ्यावे आणि जड कामाला थोडे उजाडल्यावर हात घालावा. तिसरी गोष्ट दारूची. मोहाची असो, ताडी असो की दुकानातली असो, रोहिणी आवळते ती पुष्कळदा पिण्याच्या वेळी नव्हे, तर काही तासांनी, म्हणजे पहाटेच. म्हणून रात्रीच्या पिण्याशी पहाटेच्या दुखण्याचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. चौथी गोष्ट मनाची. जागरण आणि काळजी यांनीही रोहिणी आखडते. कापसाचा भाव आणि सावकाराचे व्याज यांची चिंता भाषणाने जाणार नाही. पण ती एकट्याने रात्रभर उराशी धरण्यापेक्षा घरात बोलून दाखवलेली बरी.

आहाराविषयी नवे फार सांगण्यासारखे नाही, कारण आमचा जुना आहारच चांगला होता. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, मूठभर शेंगदाणे यांत हृदयाला हितकर असे पुष्कळ आहे. बिघडले ते मिठाने आणि तेलाने. माणशी दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा एक चमचाभर मीठ पुरे. आणि त्यात लोणचे, पापड, शेव-चिवडा यांतले मीठही धरावयाचे असते. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. शेतात राबणाऱ्याला वेगळा व्यायाम नको. पण आमच्यासारख्या खुर्चीवर बसणाऱ्यांनी आठवड्यातून दीडशे मिनिटे तरी भरभर चालावे.

आता दुखणे आलेच तर काय करावे? छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखी कळ, ती हाताकडे, मानेकडे किंवा जबड्याकडे सरकणे, गार घाम, चक्कर यांपैकी काही जाणवले, तर ते श्रमाने आले की विसाव्यात आले, याचा काथ्याकूट घरी करीत बसू नये. ओवा आणि सोडा बाजूला ठेवावेत. माणसाला बसवावे, चालवू नये, आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून गाडी बोलवावी. ही सेवा १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत सुरू झाली. माझ्या वडिलांच्या वेळी ती नव्हती. आज ती तेलंगणातही आहे आणि नदीपलीकडे महाराष्ट्रातही आहे. कळ आपोआप थांबली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि 'छातीत दुखते' एवढेच न सांगता किती वाजता आली, किती मिनिटे राहिली, त्या वेळी आपण काय करीत होतो, आदल्या रात्री काय घेतले होते, हे कागदावर लिहून न्यावे. दुपारचा आलेख निर्दोष निघाला तरी ही माहिती डॉक्टरांना पहाटेच्या दुखण्यापर्यंत पोहोचवते. मग ते चोवीस तास आलेख टिपणारे यंत्र अंगावर बांधतील किंवा मोठ्या रुग्णालयात पाठवतील.

औषधांविषयी एकच सांगतो. या विकारावर रोहिणी सैल ठेवणाऱ्या चांगल्या गोळ्या आहेत आणि त्या घेऊन पुष्कळ लोक वर्षानुवर्षे सुखाने जगतात. पण रक्तदाबाच्या आणि हृदयाच्या ज्या गोळ्या एखाद्याला तारक ठरतात, त्यांतील काही या विकारात रोहिणी अधिकच आवळतात. म्हणून शेजाऱ्याच्या डबीतली गोळी घेऊ नये. आणि 'आता बरे वाटते' म्हणून स्वतःची गोळी एकाएकी बंदही करू नये.

शेवटी एक घरगुती काम सुचवतो. आपल्याकडे पितृपक्षात पितरांच्या तिथी आठवून पाळल्या जातात. आमच्या ख्रिस्ती घरांत २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, गेलेल्यांची नावे काढून प्रार्थना होते. तिथी आपल्याला आठवते. वय आणि दुखणे आठवत नाही. यंदा त्या नावांपुढे ही दोन्ही लिहून काढा. बाप किंवा भाऊ पंचावन्नच्या आत, आई किंवा बहीण पासष्टच्या आत हृदयविकाराने आजारी पडली असेल, तर त्या घरातील तरुणांनी रक्तदाब, साखर आणि रक्तातील चरबी लवकर तपासून घ्यावी, आणि हा कागद डॉक्टरांना दाखवावा. माझ्या घरी मी तो लिहिला, तेव्हा वडिलांच्या आधी आमचे एक काकाही एकोणपन्नासाव्या वर्षी पहाटेच गेल्याचे आईला आठवले. इतकी वर्षे ते कोणी जोडून पाहिलेच नव्हते.

तो कागद माझ्या धाकट्या भावाने दोनदा वाचला आणि काही न बोलता परत दिला. त्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात त्याने चाळीस दिवस बिडी सोडली, ईस्टर झाल्यावर पुन्हा धरली. पावसाळ्यात पुन्हा सोडली, पोळ्याला पुन्हा धरली. आता तिसऱ्या वेळी सुटून चौदा महिने झाले आहेत. शेकोटीला तो अजूनही बसतो, पण धुराच्या दुसऱ्या अंगाला. त्याचा मुलगा आता त्याच्या शेजारी बसू लागला आहे. आजोबांचे रक्त त्या मुलाच्याही अंगात आहेच. घरातले वळण मात्र तो निराळे पाहतो आहे.